ते 'इंग्रज कधीच चुकत नाही' वालं फॉरवर्ड

परत फिरायला लागलाय तो मेसेज. 'इंग्रज माणूस कधीच चुकत नाही असे ४ नियम, मुलांना नक्की पाठवा'. नियम काय, तर 'कमी' म्हणायचं असेल तेव्हा मोजता येणाऱ्या गोष्टींना कायम फ्यूअर, लेस कधीच नाही. अफेक्ट कायम क्रियापद आणि इफेक्ट कायम नाम. अंतर असेल तर फार्दर, बाकी सगळीकडे फर्दर. आणि शेवटचा, फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं.

शेवटचा आधी घेते, कारण तो नुसता चूक नाही, डेंजर आहे. हायवेला पुढे पेट्रोलचा टँकर असला की मागे काय लिहिलेलं असतं? 'हायली इनफ्लेमेबल', आणि कधीकधी जोडीला मराठीत 'अत्यंत ज्वालाग्राही'. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. इनकरेक्टमधला 'इन' नकाराचा, पण इथला तो नाही, हा लॅटिनमधल्या पेटवणे या क्रियापदातूनच आलेला. लोक नेमके इथेच फसतात म्हणून तर अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात फ्लेमेबल वापरा असा आग्रह धरला. पेट न घेणाऱ्याला म्हणायचं नॉन-फ्लेमेबल.

आता फ्यूअर-लेस. फ्यूअर पीपल, लेस वॉटर, इथपर्यंत ठीक आहे, पण 'कधीच नाही' कुठून आणलं? किलोमीटर मोजता येतात, रुपये मोजता येतात, वर्षंही मोजता येतात, तरी 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स', 'लेस दॅन हंड्रेड रुपीज' हेच बरोबर, कारण तिथे आपण सुटे सुटे नग मोजत नसतो, सगळं मिळून एक माप धरतो. तिथे फ्यूअर घातलंत की बरोबर वाक्य हाताने बिघडवलंत. आणि हा नियम काही अनादी काळापासूनचा नाही हो, १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी 'मला वाटतं इथे फ्यूअर बरं' एवढंच लिहिलं होतं, पुढच्यांनी त्याचा कायदा केला. इंग्रज चुकत नाही म्हणे! खुद्द इंग्लंडमध्ये टेस्को या सुपरमार्केटच्या काउंटरवर '१० आयटम्स ऑर लेस' अशा पाट्या होत्या, लोकांनी त्यावर इतका वाद घातला की २००८ मध्ये कंपनीने 'अप टू १० आयटम्स' करून सुटका करून घेतली.

अफेक्ट-इफेक्टचा नियम बहुतेक वेळा चालतो, मान्य. पण 'द न्यू मॅनेजर इफेक्टेड मेनी चेंजेस' म्हणजे त्याने बदल घडवून आणले, तिथे कुणी हुशारीने अफेक्टेड केलं तर अर्थ होतो आधीच चालू असलेल्या बदलांवर त्याचा परिणाम झाला. आणि सायकिॲट्रिस्टच्या केसपेपरवर 'फ्लॅट ॲफेक्ट' लिहिलेलं असतं, चेहऱ्यावर भावना उमटत नाहीत अशा अर्थाने, ते चक्क नाम आहे, उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर.

फार्दर-फर्दरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अंतरासाठी फर्दर सर्रास चालतं, ब्रिटिश तर जास्त करून तेच वापरतात. 'फार्दर स्टडीज' मात्र लिहू नका, एवढं पुरे.

हां, स्पर्धा परीक्षेत 'स्पॉट द एरर' आला तर माणसं आणि वस्तूंना गुपचूप फ्यूअर लावून मोकळं व्हा, पेपर काढणाऱ्याशी तिथे वाद घालता येत नाही. पण तो इनफ्लेमेबलवाला मेसेज कुणाला पाठवला असेल तर आजच कळवा त्यांना, विशेषतः घरात थिनर नाहीतर स्पिरिटची बाटली असेल तर.