खुलासा : ‘पाच वर्षांखालच्या मुलांना सहल आठवतच नाही’ हे अर्धसत्य

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘पाच वर्षांखालच्या मुलांना काहीच आठवत नाही, थीम पार्कचा खर्च पाण्यात.’ हे पूर्ण खरं नाही.

मोठेपणी आपल्याला साधारण साडेतीन वर्षांआधीचं फारसं आठवत नाही, एवढं बरोबर. पण लहानपणी आठवणी बनतात. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या-चौथ्या वर्षी डिस्नेवर्ल्डला गेलेल्या मुलांनी दीड वर्षानंतरही बरंच काही सांगितलं. पुढे सातव्या-आठव्या वर्षानंतर यातलं बरंच पुसट होतं. दोन वर्षांच्या बाळाकडून मात्र मोठेपणी आठवण्याची अपेक्षा नको.

आठवण टिकते ती गप्पांनी. “मजा आली ना?” विचारलं की मूल नुसतं “हो” म्हणतं. “बोटीत बसल्यावर पाणी कुठं उडालं? तू काय केलंस?” असं विचारा आणि त्याच्या उत्तरात भर घाला. दहा-बारा फोटो छापून घरी हाताशी ठेवा, मोबाइलमधले फोटो कोणी उघडत नाही. न घडलेलं मात्र सांगू नका, तेही मुलाला खरं वाटू लागतं. हे आपल्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या फेरीलाही तितकंच लागू आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.