चार क्रेडिटचं कुलूप

एम.एस्सी. गणिताला मी माहिती सुरक्षा हा विषय घेतला, तेव्हा मामानं विचारलं, "म्हणजे कुलुपंच बनवायची ना?"
"हो, पण आकड्यांची."
"मग अलीगढवाले काय वाईट बनवलालेत?"

आमच्या लातुरात लेकरू दहावी झालं की 'नीट का जेईई' एवढाच प्रश्न असतो. तिथं गणित घेणाऱ्याकडं लोक तशीही सहानुभूतीनंच बघतात. त्यात दोन वर्षांत 88 क्रेडिट जमवायचे. बीजगणितातलं 'फील्ड' शिकतोय म्हटल्यावर आजीला वाटलं, पोरगं वावरात लक्ष घालणार. तिचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही, घरात तेवढाच मान आहे.

पहिल्याच चाचणीत आरएसए आलं, म्हणजे आकड्यांनी संदेश कुलूपबंद करायची रीत. 1977 सालचं हे कुलूप, मूळ संख्यांवर चालतं. 3 आणि 11 घ्या, गुणाकार 33. संदेश 4. त्याचा घन 64, 33 नं भागून बाकी 31. हे झालं कुलूप. उघडायला 31 चा सातवा घात करून पुन्हा 33 नं भागायचं, बाकी 4 उरते. माझी 7 उरली. बाईंनी समासात लिहिलं, 'पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले.'

खरी परीक्षा दुसऱ्या सेमिस्टरला. ऑन जॉब ट्रेनिंग, 4 क्रेडिट, 120 तास. गणितवाल्याला जॉबवर घेणार कोण? फिरफिर फिरून एका पतसंस्थेत चिकटलो. मॅनेजर खूश झाले. "गणितवाले का? बरं झालं, एवढं व्याज काढा." पहिले तीस तास व्याजात गेले. कॉम्प्युटरचा पासवर्ड स्क्रीनच्या कोपऱ्यात चिठ्ठीवर डकवलेला, वर गणपतीचा फोटो.

"सर, ही चिठ्ठी काढायला पाहिजे."
"काढली तर आम्हाला कशी सापडायची?"

महिनाभराच्या वाटाघाटीनंतर चिठ्ठी कीबोर्डखाली गेली. गणपती जागेवरच राहिला.

आता अहवालात लिहायचं काय? मामाला म्हटलं, "1976 साली डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी दाखवलं की चारचौघांत बोलूनसुद्धा दोघांत गुपित ठरवता येतं."
"यात नवं काय?" म्हणत मामानं मला थेट हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात नेलं. तिथं व्यापाऱ्यानं आणि मामानं एका रुमालाखाली हात घातले. भाव सांगायला बोटं दाबली, माना हलल्या, एकदा मामा रागावलासुद्धा. भोवती वीस माणसं. डिफी-हेलमनला रुमाल लागत नाही, त्यांचे आकडे उघड्यावर फिरतात आणि तरी ऐकणाऱ्याला गुपित कळत नाही, हे मी सांगणार होतो. पण तेवढ्यात सौदा झाला.

परत येताना विचारलं, "मामा, कितीला ठरली जोडी? अहवालात लिहायचंय."
मामानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "मामीला नाही सांगितलं कधी, तुझ्या कॉलेजला सांगू का?"