खडूचा चहा

गेल्या रविवारी आईने चहाचा कप माझ्यापुढे धरला. "खडू आहे यात."

सर्दीने नाक चोंदलं असलं तरी तिची नजर शाबूत आहे. कपात पांढरे पापुद्रे तरंगत होते. आणि खडू म्हणण्यातही तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे बोअरचं पाणी. किटलीच्या बुडाशी धरते ती खपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्याच गोत्रातलं.

शाळेतलं रसायनशास्त्र एकदाचं कामी येणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. चायनीजसाठी आणलेली व्हिनेगरची बाटली काढली. लेबलवर 'सिंथेटिक'. गोव्यात माडाची सूर आंबवून करतात तसलं खानदानी नव्हे. ॲसिटिक आम्ल पाण्यात कालवलेलं. आम्ल ४ टक्के, बाकी पाणी. एवढ्यावर भरवसा कोण ठेवणार? मी वर २ चमचे खायचा सोडाही घातला.

काय फसफसलं! "दूध उतू गेलं!" म्हणून आई धावत आली. फेस ओसरला, खपली जागच्या जागी. आम्ल आणि सोड्याने आपसांतच मिटवून घेतलं होतं: सोडियम ॲसिटेट, पाणी, कार्बन डायऑक्साइड. खपलीच्या वाट्याला कोणी उरलंच नाही.

दुसऱ्या खेपेला नुसतं व्हिनेगर, तेवढंच पाणी आणि एक उकळी. वाफेने माझे डोळे भरून आले. बुडाशी बारीक बुडबुडे सुटू लागले, पण चाल बैलगाडीची. हे आम्लच मुळात सौम्य. २०० रेणूंमागे जेमतेम एखादा आपला हायड्रोजन सोडून कामाला लागलेला असतो. थेट आमच्या सोसायटीचं श्रमदान! फरक इतकाच, की इथे एक खर्ची पडला की मागून दुसरा उतरतो. सोसायटीत पहिला दमला की बाकीचे घरी जातात.

अर्ध्या तासाने बेल वाजली. शेजारच्या काकू. "आज मंचूरियन वाटतं?" वास जिन्यापर्यंत पोचला होता. हे स्वयंपाकाचं नसून सफाईचं व्हिनेगर आहे, हे त्यांना पटवेपर्यंत दहा मिनिटं गेली.

परत येतो तर किटली रिकामी, बूड आरशासारखं लखलखीत. सगळी खपली कॅल्शियम ॲसिटेट होऊन विरघळलेली, त्यामुळे आत होतं ते दिसायला स्वच्छ पाणीच. आईने ते चहाला घेतलं होतं. वर दूध घातलं आणि कपात पनीर झालं.

तिने चमच्याने एक गोळा वर काढून पाहिला.

"खडूच बरा होता रे."