थकव्याचा जंतू आणि २१ दिवसांचा कोर्स

पंधरवड्यापासून तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: वर्षानुवर्षं न जाणारा थकवा, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, रक्तात दडलेल्या जंतूमुळे होतो. अमेरिकेत २००९ सालीच तो सापडला, पण कंपन्यांनी प्रकरण दाबलं. विडाल (टायफॉइडसाठी करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली की समजा तो तुमच्याही अंगात मुरलाय. २१ दिवस अँटिबायोटिक आणि सलाईन घ्या, रोज पाच किलोमीटर चाला.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वहिनीनं हाच मेसेज पाठवून विचारलं, "भाऊजी, घेऊ काय हा कोर्स?" तिचा थकवा पाच वर्षांचा आहे, एका तापानंतर सुरू झालेला.

"जंतू सापडला, दाबला." सापडल्याचं जाहीर झालं होतं, तेही 'सायन्स'सारख्या नामांकित नियतकालिकात. एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू १०१ पैकी ६८ रुग्णांत आणि २१८ पैकी फक्त ८ निरोगी माणसांत मिळाला, असा तो दावा. जगभर गाजला. काही रुग्णांनी तर एचआयव्हीची औषधं सुरू केली. पण इतर लॅबना तो विषाणू मिळेना. शेवटी कळलं की तो माणसाच्या प्रोस्टेटची गाठ उंदरांत वाढवताना प्रयोगशाळेतच तयार झाला होता, आणि नमुन्यांत शिरला होता तो तिथूनच. २०११ च्या डिसेंबरात निबंध मागे घेतला गेला. २०१२ मध्ये १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी माणसं पुन्हा तपासली. काही निघालं नाही. याला दाबणं म्हणत नाहीत. पिपेट हातात धरणाऱ्या माणसाला विचारा, दूषित नमुना काय घोटाळा करतो ते.

आता विडाल. ही टेस्ट मी रोज लावतो, म्हणून हक्कानं बोलतो. काचेच्या पट्टीवर सीरमचा (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर पाण्याचा) थेंब, शेजारी किटमधला रंगीत थेंब, काडीनं कालवायचं आणि मिनिटभर पट्टी हलवायची. दाणे धरले की पॉझिटिव्ह. पण दाणे धरतात ते बाटलीतले मेलेले जंतू. पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्यांना एकमेकांना चिकटवतात. पेशंटच्या रक्तात जंतू आहे की नाही, हे त्यात दिसतच नाही. कधीतरी टायफॉइडशी किंवा त्याच्या भाईबंदांशी गाठ पडली असावी, एवढाच अर्थ. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलेल्या कोणाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी येते, आणि मी ठणठणीत आहे. थकव्याच्या या आजाराची पक्की अशी रक्ततपासणी आजही नाही.

मग जंतूचा काहीच संबंध नाही? आहे, पण मेसेजवाला सांगतो तसा नाही. ऑस्ट्रेलियात डब्बो हे मेंढपाळांच्या मुलखातलं गाव. तिथल्या भागातले तीन वेगवेगळ्या संसर्गांचे २५३ रुग्ण तापापासून पुढे तपासत नेले: एपस्टाइन-बार विषाणू, जनावरांपासून येणारा क्यू फीव्हर आणि डासांमुळे होणारा रॉस रिव्हर ताप. (हा शेवटचा आपल्या चिकुनगुन्याच्याच कुळातला.) सहा महिन्यांनीही सुमारे १२ टक्के लोक थकव्यानं पडून होते, मग सुरुवातीचा जंतू कोणता का असेना. मूळ ताप जितका जबर, तितकी शक्यता जास्त. स्वभावानं फरक पडला नाही, हे 'नखरे करते' म्हणणाऱ्यांनी मुद्दाम वाचावं. नॉर्वेच्या बर्गेन शहरात २००४ मध्ये नळाच्या पाण्यातून जिआर्डिया हा जुलाब लावणारा परजीवी जंतू पसरला. बाधित झालेल्यांपैकी ४६ टक्के लोक तीन वर्षांनीही थकलेले होते, इतरांत हे प्रमाण १२ टक्के. औषधं तर त्यांनाही मिळालीच होती. जंतू आग लावून निघून जातो, असं दिसतं. मग २१ दिवस मारायचं कोणाला?

शिवाय अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, आणि पोटातले चांगले जंतू मात्र मारतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या रुग्णांच्या आतड्यात ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल) बनवणारे उपयुक्त जंतू आधीच कमी आढळले. ते कारण की परिणाम, हे ठरायचंय. पण जे कमी आहे तेच आणखी मारायचं, ही कुठली रीत? सलाईन म्हणजे मीठपाणी, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

"रोज पाच किलोमीटर चाला" हा मला सगळ्यात घातक सल्ला वाटतो. झेपेल त्याहून जास्त कष्ट झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो, हीच या आजाराची खूण. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार आपल्या शिफारशींतून काढला. मागच्या दिवाळीनंतर वहिनी हौसेनं वेचणीला गेली. अर्धा तास पराटीचा कापूस वेचून ओटी भरली, हसत घरी आली. तिसऱ्या दिवशी तिला उठून न्हाणीपर्यंत जाववेना. सासू दारातून म्हणाली, "काऊन वो, आज परत झोपली?"

कोर्सचे पैसे वाचवून आधी हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइड, बी-१२, साखर बघा, आणि खोकला असेल तर थुंकीची तपासणी. आपल्या भागात थकव्याची ही कारणं जास्त सापडतात, आणि त्यांवर इलाज आहे. वहिनीचं हे सगळं करून झालंय, सगळं नॉर्मल. यंदा ती वेचणीला नाही. वजनकाट्यापाशी खाट टाकून बायांचा कापूस वहीत मांडते, तेही एक दिवसाआड.