सह्या किती झाल्या, आणि त्यासाठी दिलं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार करारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सीपीटीपीपी गट (मुख्यतः पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांचा व्यापार गट) आणि भारत, एवढे करार ब्रिटनने स्वतःच्या बळावर केले, अमेरिकेकडून युरोपपेक्षा कमी शुल्क मिळवलं, तरी मला फक्त तोटाच दिसतो. शिवाय २०१४ मध्ये ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय महासंघाने, हापूस बंद केला तेव्हा लंडनचे हात बांधलेले होते, आता ते मोकळे आहेत.

अमेरिकेबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. २०२५ मध्ये ब्रिटिश मालावर मूळ शुल्क १० टक्के लागलं, युरोपला जुलैतल्या समझोत्यानंतरही १५ टक्क्यांवर थांबावं लागलं. महासंघात राहून हा फरक मिळाला नसता.

हापूसचं मात्र मला पटत नाही, कारण तो मे महिना मला चांगला आठवतो. मी तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये होतो. दरवर्षी दुकानांबाहेर रचलेल्या पेट्या त्या वर्षी नव्हत्या आणि आमच्याकडे जो तो ब्रुसेल्सच्या नावाने बोटं मोडत होता. बंदी आंब्यावर होती, तशी कारली, वांगी, पडवळ आणि अळूवरही होती. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली होती. पण लंडनने निमूट मान तुकवली, असं झालं नाही. ब्रिटनच्या पर्यावरण आणि अन्न खात्याने या बंदीची बाजू घेतली. तिथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीच्या शेतीला या किडीचा धोका होता. म्हणजे हात मोकळे असते तरी त्या वर्षी पेटी आली असतीच, असं म्हणता येत नाही. आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली ती भारताने निर्यातीची तपासणी सुधारल्यावर.

आता ऑस्ट्रेलिया. तुम्ही त्याला 'पहिला खरा स्वतंत्र करार' म्हणता. बरोबर आहे. जपानचा करार बराचसा युरोप-जपान करारावरच बेतलेला होता, हा कोऱ्या कागदावर लिहिलेला. म्हणूनच तो नीट बघायला हवा. जून २०२१ मध्ये कॉर्नवॉलला जी-७ परिषद होती आणि तिच्याआधी तत्त्वतः करार उरकायचा, असं व्यापारमंत्री लिझ ट्रस यांनी ठरवलं होतं. तारीख समोरच्यालाही माहीत होती. सौद्याला बसलेल्या माणसाने घरी परतायची वेळ आधीच सांगून टाकली की समोरचा नुसता घड्याळाकडे बघत बसतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते इथे लागू पडलं. ऑस्ट्रेलियाच्या गोमांसाला पहिल्याच वर्षी ३५ हजार टन शुल्कमुक्त मिळाले, दहाव्या वर्षी १ लाख १० हजार टन. बदल्यात ब्रिटनला काय मिळालं? ऑस्ट्रेलियाचं शुल्क बहुतेक मालावर आधीच ५ टक्के किंवा त्याहून कमी होतं. सोडण्यासारखं त्यांच्याकडे फार नव्हतंच. वेल्सच्या डोंगरांत मेंढ्या पाळणाऱ्यांना या घाईची किंमत मोजावी लागेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे एकटं माझं मत नाही. त्या काळात शेतीखातं सांभाळणारे जॉर्ज युस्टिस, तेही ब्रेक्झिटवादी, नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेत म्हणाले की हा करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता.

सीपीटीपीपीबद्दल एवढंच: तेव्हाच्या ११ सदस्यांपैकी ९ देशांशी ब्रिटनचे करार आधीच होते. नवे दोनच, मलेशिया आणि ब्रुनेई.

भारताचा करार मला आवडतो, हे तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. आधी 'दिवाळीपर्यंत' म्हणून २०२२ ची तारीख जाहीर झाली होती, ती चुकली आणि बरंच झालं. जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या तेव्हा दोन्ही बाजूंनी खरं काहीतरी सोडलं होतं. व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्के होणार. पुण्याहून कंपनीमार्फत तात्पुरतं ब्रिटनमध्ये येणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागणार नाही.

तरीही आकडे शेजारी ठेवून बघा. ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानुसार दीर्घकाळात जीडीपीत पडणारी भर भारताच्या करारातून ०.१३ टक्के, ऑस्ट्रेलियाच्या ०.०८, न्यूझीलंडच्या ०.०३. दुसऱ्या पारड्यात सरकारी अंदाजपत्रकावर स्वतंत्र नजर ठेवणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा अंदाज: महासंघात राहिलं असतं त्या तुलनेत उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी. उत्पादकता आणि जीडीपी एकच नव्हेत, हे मान्य, पण अंतर केवढं आहे ते दिसतं. चीजचा ट्रक डोव्हरहून समुद्र ओलांडून दीड तासात फ्रान्सच्या कॅलेला पोचतो, न्यूझीलंडच्या ऑकलंडला नाही. या शेजारच्या रस्त्यावर पशुवैद्याचे दाखले आणि कस्टम्सचे फॉर्म आले, आणि ते कमी व्हावेत म्हणून मे २०२५ मध्ये अन्नाबाबत पुन्हा युरोपचे नियम पाळायची तयारी ब्रिटनने दाखवली. हे नियम ठरवताना आता त्यांना मत नाही. तुम्ही मोकळ्या हातांबद्दल लिहिलंत, म्हणून हे सांगतो.

अमेरिकेच्या शुल्काचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे.