व्हेनिसला थोडे दिवस मिळाले तरी जा
मुक्काम छोटा असेल तर व्हेनिसला जाऊच नये, गर्दीपलीकडे काही हाती लागत नाही, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. गर्दी आहेच, पण ती मुख्यतः रिआल्तो पूल ते सान मार्को चौक या पट्ट्यात, आणि तीही दिवसा. राहायला शहरातच राहा. दिवसभरासाठी आलेली मंडळी संध्याकाळी परतली की तोच चौक किती मोकळा वाटतो!

स्कुओला ग्रांदे दी सान रोक्को, म्हणजे एका जुन्या धर्मादाय मंडळाची इमारत, मात्र चुकवू नका. चित्रकार तिंतोरेत्तोनं १५६४ पासून वीसेक वर्षं तिथल्या भिंती आणि छतं चित्रांनी भरून टाकली. मान अवघडू नये म्हणून तिथे हातात धरायला आरसे ठेवलेत. आरसा हळूहळू सरकवत छत बघायला लागलं की वेळेचं भानच राहत नाही. कान्नारेजिओ भागातला १५१६ चा गेत्तो, म्हणजे ज्यूंची जुनी वस्तीही बघा. ज्यूंना तेवढ्याच जागेत राहायची सक्ती होती, म्हणून घरं मजल्यावर मजले चढत गेली. ते बुटके मजले खालूनही ओळखू येतात.

आणि हो, २०२४ पासून ठरावीक दिवशी जे प्रवेश शुल्क घेतात, ते फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे.