दोन बोके एका घरात नांदतात

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. घरात एक मांजर आहे आणि दुसरं आणायचंय, अशा लोकांसाठी तो लिहिलाय. मजकूर थोडक्यात असा: घरात बोका असेल तर दुसरी मादीच आणा, कारण दोन बोके एका घरात कधीच नांदत नाहीत. बोका घरभर लघवीचे फवारे मारतो, मादी मारत नाही. मादी शांत आणि मायाळू असते. आणि तिला एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मगच नसबंदीचं ऑपरेशन करा, नाहीतर तिची तब्येत बिघडते.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण असल्या सल्ल्यापायी नुकती घरात आलेली पिल्लं परत रस्त्यावर गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी दोन बोक्यांचं. नसबंदी न झालेले बोके हद्दीवरून आणि माजावर आलेल्या मादीवरून भांडतात, कान फाटेपर्यंत भांडतात. गल्लीतलं हे दृश्य खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते उचलून जसंच्या तसं घरात आणलं, तिथे चूक झाली. नसबंदी झालेल्या आणि घरातच राहणाऱ्या मांजरांच्या जोड्यांवर अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. दोन बोके, दोन माद्या आणि एक बोका-एक मादी अशा तिन्ही प्रकारच्या जोड्या त्यात होत्या. जोडी कोणती यावरून भांडणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. उलट दोन बोके एकमेकांच्या आसपास जास्त वेळ दिसले. आणि मांजरं जितकी जास्त काळ एकत्र राहिलेली, तितकी भांडणं कमी.

माझ्या घरी काळू नावाचा बोका होता, चार वर्षांचा. तेव्हाही मला हाच सल्ला मिळाला होता, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं सहा आठवड्यांचं पिल्लू ‘मादी आहे’ असं कळल्यावरच मी घरी आणलं. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी शेपटी वर करून दाखवलं: बोका. इतक्या लहान वयात ही चूक सर्रास होते. गुदद्वार आणि त्याखालचं छिद्र यांतलं अंतर बोक्यात जास्त असतं, मादीत कमी. पण तळहाताएवढ्या पिल्लात नवख्या माणसाला ते उमगत नाही. (तिरंगी पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असतं आणि नारंगी बहुधा बोका, एवढी रंगावरची खूण मात्र भरवशाची.) तोवर काळू त्या पिल्लाला चाटायला लागला होता. त्याला ते बोका आहे की मादी याने काही फरक पडलेला नव्हता.

फरक कशाने पडला तेही सांगते. पहिल्या दिवशी मी दोघांना सरळ समोरासमोर सोडलं. काळू दोन दिवस दिवाणाखालून बाहेर आला नाही, जेवलाही नाही. मग पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणात ठेवायचं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या मांडायच्या, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. नंतर दार फटीएवढं उघडायचं. याला तीन आठवडे लागले. लिटरचे (शी-शूचे) ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन; पाण्याची भांडी आणि बसायच्या उंच जागा वेगवेगळ्या. वन बीएचकेमध्ये तीन ट्रे मांडणं जड जातं हे मला माहीत आहे, पण बहुतेक भांडणं जागेवरून आणि ट्रेवरूनच होतात.

फवाऱ्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. नसबंदी न झालेला बोका फवारे मारतो आणि तो वास पडद्यातून जात नाही. ऑपरेशननंतर मात्र बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते किंवा लागतच नाही. सुमारे दहातला एक बोका तरीही फवारे मारतो. माद्यांमध्ये, ऑपरेशन झालेल्यांमध्येसुद्धा, हे प्रमाण सुमारे वीसात एक आहे. म्हणजे ‘मादी मारत नाही’ हे चूक.

‘मादी शांत असते’ याबद्दल एवढंच म्हणेन, की हे लिहिणाऱ्याने माजावर आलेल्या मादीबरोबर फ्लॅटमध्ये एक रात्र काढून पाहावी. स्वभाव ठरतो तो त्या त्या मांजरावर, त्याच्या आईबापांवर आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांचा हात त्याला किती लागला यावर.

आता शेवटचा सल्ला, एकदा पिल्लं होऊ द्यायचा. हा मला सगळ्यात घातक वाटतो. एकदा व्याल्याने मादीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 91 टक्क्यांनी घटतो, आणि मांजरांमधल्या स्तनाच्या गाठी बहुतांशी कॅन्सरच्याच निघतात. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. आणि ‘एकदा’ हे एकदाच राहत नाही. मादी चार-सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं दूध पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. सख्खे भाऊबहीण आणले असतील तरी ते नातं पाळत नाहीत. बोक्याचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, म्हणून तेवढे दिवस दोघांना वेगळं ठेवावं लागतं. उन्हाळ्यात मासळीबाजाराच्या कडेला खोक्यात सोडलेली पिल्लं दिसतात ना, त्यांतली कितीतरी ‘एकदा होऊ द्या’ म्हणणाऱ्या घरांतलीच असतात.

बोका आणि मादी यांत लक्षात ठेवावा असा एक फरक खरोखर आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, त्यामुळे ती तुंबण्याचा धोका बोक्यालाच जास्त. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरच होतेय किंवा होतच नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच वेळी डॉक्टरकडे न्या. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.